भावाला रका म्हणू नये

दिनू,

गल्लीच्या तोंडाशी तुझा फ्लेक्स लागलाय. त्यावर तू महानगरपालिकेच्या निवडणुकीला उभा असल्यासारखा हात जोडून हसतोयस. मागे निळं आकाश, दोन पांढरी कबुतरं आणि खाली वीतभर उंचीच्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रध्दांजली'. आधी अर्धा ध, मग पूर्ण द. श्रद्धेत अर्धा द आधी येतो हे मी तुला लहानपणापासून सांगत आले होते, आणि जगात शिकण्यासारख्या सगळ्या गोष्टींपैकी तेवढी एक तू शिकलाही होतास. आयुष्यभर तू लोकांच्या लग्नपत्रिका आणि श्रद्धांजल्या टाइप केल्यास. तुझी मात्र एका गाढवानं टाइप केली. मी तिथेच उभी राहून पर्समध्ये लाल पेन शोधायला लागले, तेव्हा तुझ्या बायकोनं, मंदानं, माझा दंड धरून मला घरात नेलं.

तुझी तेरवी झाली. बोलायला पाचजण उठले आणि पाचही जणांनी तुला 'हसतमुख' म्हटलं. तुझा साडू विलास म्हणाला, "दिनूभाऊनं कधी कोनाचं मन दुखवलं नाई." हाच विलास, पत्रिकेत त्याच्या नावाआधी 'श्री.' छापायचा राहिला म्हणून दुकानात येऊन तुझी खरडपट्टी काढून गेला होता. तू तेव्हाही हसत होतास, आणि त्यालाच तो आता मन न दुखवणं म्हणतो. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी घसा बसल्याचं कारण दिलं. घसा चांगला खणखणीत होता. पण ज्याला ऐकवायचं तो सोडून बाकी सगळे समोर बसलेले, त्यांच्यापुढे काय बोलायचं? म्हणून हे तुलाच लिहिते आहे.

तू रिकामा होतास, दिनू. हे मी रागानं नाही म्हणत, निदान सुरुवातीला तरी नाही. घरात तुझी तीच ओळख होती. बाबा तुला सरळ 'रिकामचोट' म्हणायचे. मी संस्कृतची शिक्षिका झाले म्हणून 'रिकामटेकडा' म्हणायला लागले. अर्थ तोच, फक्त इस्त्री केलेला. शहरातल्या टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडायला लागल्या तेव्हा तू एक उघडलीस. कॅसेटा कोणी विकत घेईनासं झालं तेव्हा तू कॅसेटचं दुकान टाकलंस. शेवटी गांधीबागेतल्या कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली, तुझं ते डीटीपीचं दुकान आलं आणि ते टिकलं. ते का टिकलं याचं उत्तर मी स्वतःला एकच देत आले : मी प्रूफं तपासत होते म्हणून.

दर रविवारी सकाळी तू रामदासपेठेत माझ्याकडे यायचास, एका हातात प्रुफांची पिशवी आणि दुसऱ्या हातात तर्री-पोह्यांचा पुडा. पोहे तू खायचास, मी प्रूफं खायचे. माझी एक पद्धत होती, तुला ठाऊक आहे. मी अर्थ वाचत नसे. अर्थात शिरलं की चूक निसटते, असं मी तुला कितीदा तरी ऐकवलं होतं. नुसती अक्षरं बघायची, वेलांटी, उकार, काना, मात्रा. आणि समासात तुझ्यासाठी शेरे. 'हा उकार कुणाच्या बापाचा?' 'झोपेत होतास का?' 'सातवीतल्या मुलाला दाखव, तो सांगेल.' तू ते शेरे दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचास, हे मला मंदाकडून कळलं होतं. "पाहा, माह्या ताईनं आज काय लिहिलं!" असं म्हणायचास म्हणे. मला वाटायचं, याला लाजही नाही.

आपली आई भिवापूरची, मिरचीच्या गावची. तू म्हणायचास, "मिरचीतलं तिखट सगळं तुले गेलं ताई, मह्या वाट्याले देठ आला." हा विनोद तू इतक्या वेळा केलास की पुढे पुढे मी तो सुरू होण्याआधीच "देठ" म्हणायचे, आणि तू तरीही पूर्ण सांगायचास.

मग त्या पुस्तिका आल्या. शामुवेल सर नावाचे कोणी निवृत्त शिक्षक, चर्चच्या हॉलमध्ये दर बुधवारी पवित्र शास्त्राचा वर्ग घेतात आणि त्यातल्या एकेका शब्दावर मराठीत लहान लहान पुस्तिका लिहितात, असं तू सांगितलंस. टाइप करायला तुझ्याकडे देतात. इथपर्यंत ठीक होतं. पण चार-दोन पुस्तिका झाल्यावर तू स्वतःच बुधवारी तिथे जाऊन बसायला लागलास. सत्यनारायणाच्या कथेला प्रसाद वाटेपर्यंत ज्याला बसवत नाही, तो दीड दीड तास चर्चच्या बाकावर! मी तुला विचारलं, "धर्म बदलवतो का गा?"

"नाई वं. मी शब्द ऐकाले जातो."

माझा संताप झाला होता तेव्हा. शब्दच ऐकायचे होते तर मी घरात होते. जन्मभर मी संस्कृत शिकवलं, शब्दांची सालं काढणं हाच माझा धंदा, आणि तू मला एका शब्दाची व्युत्पत्ती कधी विचारली नाहीस. त्या म्हाताऱ्याकडे मात्र वही घेऊन जातोस. मी तुला म्हटलं, तिथे चहासोबत बिस्किटं देत असतील. तू म्हणालास, "देतेत ना. क्रीमवाली." आज लिहून टाकते, मला मत्सर वाटला होता. इतका की पुढच्या पुस्तिकेचं प्रूफ तू आणून दिलंस तेव्हा मी ते तुझ्यासमोर, पोह्यांचा पुडा सुटायच्या आत, संपवलं आणि तुझ्याकडे फेकलं. बघितलंही नाही ती कशाबद्दल आहे.

त्यानंतर दोन-तीन रविवार गेले असतील. एकदा तू आलास तो पिशवी न घेता, नुसते पोहे घेऊन. बराच वेळ बसलास. मग म्हणालास, "ताई, 'रका' म्हंजे काय, मालूम आहे तुले?"

"असा शब्द नाही."

"आहे. अरामी आहे."

आणि तू मला शिकवायला लागलास. येशूच्या काळी हिब्रू देवळातली, शास्त्रातली भाषा, आणि अरामी घरातली, बाजारातली. "जशी तुही संस्कृत देवळात आन् आपली वऱ्हाडी चौकात." डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की खून करू नये हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण जो भावावर रागावतो तोही गुन्हेगार, जो भावाला 'रका' म्हणतो तोही. शुभवर्तमान ग्रीकमध्ये लिहिलं गेलं, तरी लिहिणाऱ्यानं हा एक शब्द बदलला नाही, तसाच अरामी ठेवला. "काहून ठेवला असंन, सांग."

"भाषांतर जमलं नसेल."

"सर म्हणतेत, शिवी घरच्याच भाषेत निघते." आणि मग डोळे मोठे करून, जणू लॉटरी लागल्यासारखा, तू म्हणालास, "आन् त्याचा अर्थ काय, तर रिकामा! रिकाम्या डोक्याचा. पाय ना ताई. रका, रिकामा. आपलाच शब्द आहे वं! मी ऐकलं आन् मले वाटलं, येशू मह्याच घरातलं बोलून राहिला."

तेव्हा मी काय करायला हवं होतं, हे मला आता शंभर प्रकारे सुचतं. तेव्हा मी काय केलं ते तुला ठाऊक आहे. मी वर्ग घेतला. रिकामा हा रिक्तवरून आला, रिक्त हा रिच् धातूवरून. अरामीचं कुळ निराळं, ती हिब्रूची आणि अरबीची नातलग. ध्वनी जुळला म्हणून नातं जुळत नाही. उद्या तू म्हणशील की इंग्रजीतला 'मेन' आणि आपलं मेण एकच. चुकीचं काही बोलले नाही मी. आजही त्या मुद्द्यावर मी तुला तसूभर जागा देणार नाही, तू मेलास म्हणून व्याकरण बदलत नाही.

तू ऐकून घेतलंस. मग हसलास आणि म्हणालास, "पण एक आहे. येशूनं 'भावाले' म्हटलं, बहिनीचं नाव नाई घेतलं. म्हंजे तू मले रका म्हनू शकत नाईस. मी तुले म्हनू शकतो. शास्त्रात सूट आहे."

मला हसू आलं होतं. दाखवलं नाही, पण आलं होतं. मी म्हटलं, "म्हणून तर दाखव." तू म्हणालास, "वेळ आल्यावर म्हनीन." मग पुडा माझ्यापुढे सरकवत, "ताई, अजून एक सांगायचं होतं…"

"आता आणखी काय दिवे लावायचेत?"

"जाऊ दे. पोहे थंडे होऊन राहिले."

मी पोहे खाल्ले. काय सांगायचं होतं ते विचारलं नाही. रिकाम्या माणसाला सांगायला असून असून काय असणार, असं मला वाटलं. तंतोतंत याच शब्दांत वाटलं.

शेवटची भेट तर त्याहून थोर. मला साडीला फॉल हवा होता म्हणून गांधीबागेत आले होते, उन्हातून चालून कावलेली होते. तुझ्या दुकानात पाणी प्यायला वळले. कॉम्प्युटर बंद, टेबलावर पुस्तिकांचे गठ्ठे, एका डबीत डिंक, दुसऱ्या डबीत कागदाचे नखाएवढे तुकडे. तू चष्मा कपाळावर सरकवून, जीभ दातात धरून, चिमट्यानं एकेक तुकडा उचलून पुस्तिकेत चिकटवत होतास. बासष्टाव्या वर्षी. बालवाडीत.

"हे काय करून राहिला?"

"टायपिंग मिस्टेक झाली वं. दुरुस्त करून राहिलो." आणि उघड्या पानावर तू तळहात ठेवलास.

मला वाटलं लाजला. बरं वाटलं मला. मी वाकून बघितलंही नाही. चूक कोणती, कुठल्या शब्दात, एका प्रश्नाचं काम होतं, आणि चुका विचारणं हा तर माझा जन्मभराचा छंद. पण मला भाषण द्यायचं होतं. गल्लीतल्या कापडवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "साठी उलटली, अजून एक पान धड टाइप होत नाई तुले. आन् झालेली चूक निस्तरायला दिवस दिवस चिकटवत बसतो. बाबा म्हणत थेच खरं. रिकामचोट तो रिकामचोटच!" रागावले की माझी प्रमाण मराठी सुटते. इस्त्रीही उतरली होती.

तू वर बघितलंस आणि इतकं मोकळं हसलास. "रका म्हन ना ताई. आता तर येते तुले."

मी पाणी न पिता निघाले. पुढच्या मंगळवारी तू गेलास.

आता तुझ्या त्या शामुवेल सरांबद्दल. तेरवीला ते आले होते, झब्बा-पायजम्यातले बारीकसे गृहस्थ, कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी भाषण केलं नाही म्हणून मला ते जरा बरे वाटले. पंगत उठल्यावर ते माझ्यापाशी आले. "तुमीच ना शालिनीताई? मागच्या पानावर तुमचं नाव आहे." खिशातून त्यांनी पुस्तिका काढली. शेवटच्या पानाच्या तळाशी खरंच तू छापलं होतंस : 'मुद्रितशोधन : शालिनीताई'. आडनाव नाही, पदवी नाही. जगाची ताई आहे का मी? तुझी ती अडाणी हौस बघून भरल्या घरातही मला चीड आली.

ते म्हणाले, पुस्तिका वाटल्या त्या बुधवारी वर्गात कोणीतरी मोठ्यानं हसलं. एका शब्दात भलतंच अक्षर पडलं होतं. सरांना आता नीट दिसत नाही, त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. "तं दिनूभाऊ उभे राहिले. म्हणे, माफ करा, मह्या हातून 'न' जास्तीचा पडला. माह्या ताईनं पाहून देल्लं तवा बरोबर होतं, मंग माह्या हातनं झालं. ताईच्या हातून चूक सुटत नाई."

"कुठल्या शब्दात?" मी विचारलं. शेवटी विचारलं.

त्यांनी पान उघडून दिलं. 'जो आपल्या भावाला रका म्हणतो, तोही दोषी.' रका हा शब्द बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित वर आलेला, कारण तो वेगळ्या कागदावर होता. मी नखानं कड उचलली. डिंक तुझ्यासारखाच कच्चा, चिठ्ठी चटकन सुटली. खाली छापलेलं होतं : 'नरका'. जो आपल्या भावाला नरका म्हणतो.

सर बोलतच होते. तुझ्यासारखा विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता म्हणे. तू वर्गात विचारलं होतंस, नुसतं 'रिकामा' म्हणण्यात एवढं काय मोठं पाप? आणि त्यांनी सांगितलं होतं की शिवी म्हणून ती फार वाईट नाहीच. एका जुन्या भाष्यकारानं लिहून ठेवलंय की सीरियाकडची माणसं नोकराशी बोलताना 'तू'च्या जागी हाच शब्द टाकत. "म्हंजे आपल्याकडं 'अबे' म्हणतेत ना, तसं. राग बी नसते त्याच्यात. समोरच्याकडं न पाहता बोलणं असते. येशूचं भांडण त्या न पाहण्याशी आहे." तू त्यावर काय म्हणालास, ते मी विचारलं. ते म्हणाले, "वहीत लिहून घेतलं."

दुसऱ्या दिवशी मंदाकडून किल्ली घेऊन मी दुकान उघडलं. तुझ्या त्या उकिरड्यात प्रुफाचा कागद सापडणार नाही अशी मला आशा होती. पण तू माझी सगळी प्रूफं फाइलला लावून ठेवली होतीस, तारखेवार, खाली पेनानं नाव घालून. ज्याला स्वतःचा चष्मा सापडत नसे त्यानं.

तिसऱ्या पानावर आहे ते. तू 'रका' टाइप केलेलं आहेस, अगदी बरोबर. त्याच्या आधी माझ्या लाल शाईतलं हंसपद, राहिलेलं अक्षर घालायची ती खूण, आणि वर माझा टपोरा, वळणदार 'न'. पुढच्याच ओळीत नरक होता. नुसती अक्षरं बघणाऱ्या विदुषीला वाटलं, या बैलाला इथेही नरकच लिहायचा होता आणि त्यानं 'न' गिळला. आणि समासात शेरा : 'न कुठे गेला? डोकं रिकामं आहे का?'

हे मी दहा वेळा वाचलं, दिनू. त्या शब्दाच्या शेजारीच मी त्याचा अर्थ लिहून ठेवला होता. त्यावरून तुलाच झापलं होतं. आणि तू, तो शब्द बरोबर आहे हे माहीत असताना, ताईनं घातला म्हणजे असेल म्हणून तो 'न' टाइप केलास. कारण ताईच्या हातून चूक सुटत नाही.

म्हणजे त्या रविवारी तू पिशवी न आणता आलास तो हे सांगायला. रका म्हणजे काय, इथपासून हळूहळू माझ्या 'न'पर्यंत येणार होतास. आणि मी तुला रिच् धातूत बुडवला. त्या दिवशी दुकानात तू पानावर हात ठेवलास तो लाजेनं नाही. माझी चूक मला दिसू नये म्हणून. तू माझी घाण निस्तरत बसला होतास आणि मी गल्लीला ऐकू जाईल असं तुला रिकामचोट म्हणत होते.

लोक म्हणतील, केवढं मोठं मन. विलासला कळलं तर पुढच्या श्राद्धाला यावर भाषण ठोकेल. मी असं म्हणणार नाही. मला तुझा राग आलाय, आणि तो तू ऐकून घे, कारण तू उठून जाऊ शकत नाहीस. तू मला का नाही सांगितलंस? "ताई, तू चुकलीस." तीन शब्द. तुला वाटलं मला ते पेलवणार नाही. बासष्ट वर्षं तू माझ्याशी असं वागलास, जशी मी काचेची, तिखटाच्या बरणीसारखी, जरा धक्का लागला की फुटणारी. सगळ्या जगात मी एकटी तुला कमी लेखत होते असं मी समजत होते. तू मला किती कमी लेखत होतास, याचा हिशेब लागत नाही मला. तुझे सर म्हणाले की येशूचं भांडण न पाहण्याशी आहे. मी तुझ्याकडे पाहिलं नाही, मान्य. पण तू पाहिलंस आणि हात ठेवलास पानावर. यावर मला भांडायचं होतं. चांगलं रविवारभर, पोहे थंड होईपर्यंत भांडायचं होतं. आणि भांडून झाल्यावर मी तुला सांगणार होते की शब्दांची तुझी ती लॉटरी लागल्यासारखी नजर मला आयुष्यात एकाही विद्यार्थ्यात दिसली नाही. व्युत्पत्ती साफ चुकीची होती. पण तुझा चेहरा बरोबर होता. हे मी कधी म्हटलं असतं की नाही, देव जाणे. बहुतेक नाही.

सर म्हणाले होते की पेनानं तो 'न' खोडला तरी चाललं असतं, पण तू ऐकलं नाहीस. "पेनानं खोडलं तं चूक दिसून राहते, सर. वरून नवा शब्दच चिटकवतो." अर्ध्या पुस्तिका अजून वाटायच्या राहिल्या होत्या. त्या टेबलावर तशाच होत्या, माझ्या 'न'सकट. डबीत तुझ्या चिठ्ठ्या कापून तयार, एकेकीवर तेवढंच : रका, रका, रका. चिमटा तिथेच होता. डिंक वाळला होता, पाणी घालून सारखा केला.

मी तुझ्या खुर्चीवर बसले आणि चिकटवायला लागले. सोपं नाही ते. पहिल्या काही वाकड्या बसल्या, मग काढून पुन्हा लावल्या. समोरचा कापडवाला दोनदा डोकावून गेला. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, "काय करून राहिल्या ताई?" मी म्हटलं, "टायपिंग मिस्टेक झाली होती."

"दिनूभाऊची?"

"नाही. माझी."

त्याला काही कळलं नाही. तो चहा सांगून गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या पुस्तिका झाल्या, आणि डबीत एक चिठ्ठी उरली. तू कधी कुठली गोष्ट नेमकी केलीस? एक जास्तीची कापून ठेवलीच होतीस. ती फेकून द्यायला मी उचलली आणि तिच्यावरचा शब्द बघत बसले. मग वरची पुस्तिका उलटी केली, शेवटचं पान उघडलं. भावाला म्हणायची मनाई आहे, बहिणीला म्हणायची सूट आहे, वेळ आल्यावर म्हणेन, असं तू म्हणाला होतास. चिठ्ठीला डिंक लावला आणि माझ्या नावावर बसवली.

त्या एका प्रतीत आता असं आहे : 'मुद्रितशोधन : रका'. मी दोनदा तपासलं, दिनू, यावेळी अर्थासकट. चूक नाही.